सड्यावरचे परडे आणि लाकडी चौकटीचे गादीवाफे

राजापूर तालुक्यात आमचे घर ज्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळी पठारावर आहे, तिथे कुदळ वीतभर खाली गेली की जांभ्याला लागते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मातीचा थर इतका पातळ, की हे पाणी मुरायला जागाच उरत नाही. कातळावर तुंबलेल्या पाण्यात मुळे कुजतात, उतार असेल तिथे मातीच वाहून जाते. तेच परडे, म्हणजे घराभोवतीची बागेची जागा, फेब्रुवारीत असे कोरडे पडते, की सकाळी घातलेले पाणी दुपारी शोधावे लागते. अशा जमिनीत घरापुरता भाजीपाला घ्यायचा असेल तर माती वर उचलून घेण्याला पर्याय नाही. गादीवाफा आपल्याला नवा नाही. भाताचा तरवा (लावणीची रोपे), मिरची-वांग्याची रोपे यांसाठी शेतकरी तो पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. परंतु नुसत्या मातीचा गादीवाफा रोपे काढण्यापुरते एक-दोन महिने उभा राहतो. त्यावर वर्षभर भाजी घ्यायची म्हटली तर आषाढातच त्याच्या कडा ढासळू लागतात आणि गणपतीपर्यंत तो जमिनीशी सपाट होतो. म्हणून त्याला चौकट हवी, आणि ती लाकडाची का व कशी असावी, हे या लेखात सविस्तर मांडतो.

लाकूड कशाला, जांभ्याचे चिरे आपल्या पायाखालीच आहेत, असे आमच्याकडे येणारा प्रत्येक जण म्हणतो, आणि या आक्षेपाचे उत्तर द्यायलाच हवे. चिरा आठ-नऊ इंच रुंद असतो. चार फूट रुंदीच्या वाफ्याला दोन्ही बाजूंनी चिऱ्याची भिंत घातली तर लागवडीला अडीच फूट जागा उरते, किंवा आतली रुंदी चार फूट ठेवली तर तेवढ्या जाड भिंतीवरून वाकून मध्यापर्यंत हात पोचत नाही. शिवाय चिऱ्याचे बांधकाम एकदा झाले की झाले. वाफा हलवायचा, लांबवायचा किंवा काढून टाकायचा तर पुन्हा गवंडी आणावा लागतो. दीड इंचाची फळी जागा खात नाही, बोल्ट सैल केले की सुटते आणि घरातल्या माणसाला स्वतः बदलता येते. चिऱ्याचा उपयोग मीही केला आहे, पण तो भिंतीसाठी नव्हे, तर पायासाठी, आणि माझ्या मते संपूर्ण रचनेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. तिच्याकडे पुढे येतो.

लाकूड निवडताना आपण झाडाचे नाव विचारतो, पण त्या झाडाच्या कोणत्या भागाचे लाकूड आहे हे विचारत नाही. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने निरनिराळ्या लाकडांच्या खुंट्या अर्ध्या जमिनीत गाडून त्या किती काळ टिकतात याची नोंद केली आणि त्यावरून तीन वर्ग पाडले: सरासरी १२० महिन्यांहून अधिक टिकणारे पहिल्या वर्गात, ६० ते १२० महिने टिकणारे दुसऱ्या, आणि ६० महिन्यांच्या आत संपणारे तिसऱ्या. साग पहिल्या वर्गात आहे, आंबा तिसऱ्या. परंतु ही वर्गवारी गाभ्याच्या लाकडाची आहे. सालीच्या आतले पांढरे लाकूड सागाचे असले तरी वाळवीला आणि बुरशीला आंब्याइतकेच सोपे जाते. हल्ली बाजारात येणारा कोवळ्या लागवडीचा साग पाहिला तर त्यात पांढरा भागच जास्त दिसतो. त्याला सागवान म्हणून सागाची किंमत देणे योग्य नाही.

याच कारणाने मी जुन्या घरांच्या लाकडाचा आग्रह धरतो. कौलारू घरे उतरवून त्या जागी स्लॅब पडत आहेत आणि त्यांच्या तुळया, वासे, रिपा कुठेतरी मांगराच्या कडेला भिजत पडलेल्या असतात. पन्नास-साठ वर्षे छपराखाली राहिलेल्या तुळईत जे वाळवीला आणि किडीला जायचे ते केव्हाच गेलेले असते. उरलेला गाभा पूर्ण सुकलेला असल्यामुळे पुढे वाकत-पिळत नाही. साग मिळाला तर उत्तमच, पण ऐन आणि किंजळ हीसुद्धा आपल्या घरांनी पारखलेली लाकडे आहेत. अशी तुळई गिरणीवर नेऊन तिच्या दीड इंच जाडीच्या फळ्या पाडून घ्याव्यात. त्याआधी तिच्यातला प्रत्येक खिळा पक्कडीने उपटून काढणे आवश्यक आहे, कारण एक विसरलेला खिळा गिरणीचे पाते तोडतो आणि पुढच्या वेळी गिरणीवाला जुने लाकूड हातात घेत नाही. एक काळजी मात्र घ्यावी: रंग दिलेल्या जुन्या चौकटी, दारे, खिडक्या भाजीच्या वाफ्याला वापरू नयेत. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसे किती होते याची खात्री नाही, आणि ते सोलून मातीत पडले की तिथेच राहते.

स्वतःच्या आवारातले झाड तोडून फळ्या काढण्याचा विचार असेल, तर महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लक्षात ठेवावा. साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा, जांभूळ ही झाडे त्याच्या अनुसूचीत आहेत आणि खासगी जमिनीवरची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

मुंबई-पुण्याचे माझे आप्त पॅकिंगच्या लाकडाविषयी विचारतात. परदेशातून मालासोबत आलेल्या त्या पाइनच्या पाटांवर शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ अशी अक्षरे असतील तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवलेले आहे, ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. पहिले चालेल, दुसरे टाळावे. गच्चीवर, पत्र्याच्या आडोशाला असे लाकूड निभावून जाईल. कोकणात मात्र ते एक-दोन पावसाळ्यांपलीकडे जात नाही, त्यामुळे त्यावर मेहनत घेऊ नये. माडाचे ओंडके आडवे टाकून केलेल्या कडांचेही तसेच. स्वस्त आहेत, दिसतात छान, पण आतला भुसभुशीत भाग फार लवकर कुजतो.

आता लाकडाला काय लावायचे. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणाने लाकूड टिकवण्याची जगभर पसरलेली पद्धत सोंटी कामेशम या भारतीय शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात डेहराडूनच्या त्याच संस्थेत शोधली, याचा मला अभिमान वाटतो. विजेच्या खांबांना आणि पुलांना तिने फार मोठे आयुष्य दिले. परंतु त्यातले आर्सेनिक हळूहळू मातीत उतरते, आणि अमेरिकेत २००३च्या अखेरीस घरगुती वापराच्या लाकडातून ती पद्धत मागे घेण्यात आली. म्हणजे खांबाला जे योग्य, ते पालकाच्या शेजारी नको. रेल्वेच्या जुन्या स्लीपरांतील क्रिओसोट हे डांबरी तेल आणि गावोगावी कुंपणाच्या खुंटांना फासले जाणारे गाडीचे जळके ऑइल, हीसुद्धा भाजीच्या वाफ्यापासून दूरच ठेवावीत. जळक्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचे धातू असतात आणि ते पावसाबरोबर थेट मुळांकडे जातात.

कोकणाकडे स्वतःचे एक औषध आहे: काजूच्या टरफलाचे तेल. होड्यांना, वाशांना ते लावण्याची रीत जुनी आहे आणि वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. मात्र ते कातडीवर पडले तर फोड येतात, म्हणून हातमोजे घालून, फक्त खांबांना आणि फळ्यांच्या बाहेरच्या अंगाला लावावे आणि माती भरण्यापूर्वी काही आठवडे कडक उन्हात वाळू द्यावे. फळीच्या आतल्या अंगाला मी जवसाचे घाण्याचे तेल वापरतो. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या बेल तेलात, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलात, ते लवकर वाळावे म्हणून धातूंचे क्षार मिसळलेले असतात, ते नको. जवसाचे तेल वाळवी मारत नाही. ते लाकडात पाणी शिरण्याचा वेग कमी करते, एवढेच त्याचे काम. फळीच्या कापलेल्या टोकांना ते पुन्हा पुन्हा पाजावे, कारण झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तिथेच उघड्या असतात आणि फळीच्या पाठीपेक्षा टोकातून पाणी कितीतरी वेगाने आत जाते. तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, पसरून वाळवावे.

तरीही तेल ही दुय्यम गोष्ट आहे. लाकडातील ओलावा त्याच्या सुक्या वजनाच्या २० टक्क्यांखाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढूच शकत नाही, आणि सतत पाण्याखाली बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नसल्याने तेही टिकते. कुजते ते जमिनीच्या रेषेवर, जिथे ओल आणि हवा दोन्ही एकत्र मिळतात. कुंपणाचा खुंट नेहमी तिथेच मोडतो. मुळांचीही गरज अशीच आहे: पाणी यावे, पण थांबू नये. म्हणून वाफ्याची सगळी रचना एकाच प्रश्नाभोवती करावी, की पडलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट कुठे आहे. ती वाट नीट ठेवली तर फळी आणि झाड दोघेही वाचतात.

आमच्या वाफ्याची लांबी आतून आठ फूट, रुंदी चार फूट आणि फळ्यांची उंची सव्वा फूट आहे. चार फूट रुंदी यासाठी, की दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट हात पोचतो आणि वाफ्यात कधीही पाय ठेवावा लागत नाही. पाय पडला की माती दबते आणि मोकळ्या मातीसाठी केलेली सारी खटपट वाया जाते. उंचीचा मोह आवरावा. मातीचा बाहेरचा रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे उंची दुप्पट केली तर एकूण रेटा चौपट होतो, आणि भिजलेल्या मातीत तो आणखी वाढतो. या मापाच्या वाफ्यात सुमारे ४० घनफूट माती बसते, म्हणजे वाळू-खडीच्या हिशोबाने ०.४ ब्रास, आणि जुलैत तिचे वजन दीड टनाच्या वर जाते.

पायासाठी जमीन सपाट करून, पाण्याच्या उताराकडे किंचित ढाळ ठेवून, चिऱ्यांचा एकच थर चौकटीच्या मापाने मांडावा. तो अर्धा जमिनीत आणि अर्धा वर राहील असा बसवावा आणि चिऱ्या-चिऱ्यांत सिमेंट न घालता फटी मोकळ्या सोडाव्यात. चौकट या थराच्या बाहेरच्या कडेला उभी राहते. खांबांच्या खाली फुटक्या कौलाचे तुकडे ठेवून फळीची खालची कड चिऱ्यापासून अर्धा इंच उचललेली असावी, म्हणजे पाऊस थांबल्यावर ती वाऱ्याने सुकते. या पायाचा दुसरा लाभ वाळवीच्या बाबतीत आहे. जमिनीतून लाकडापर्यंत यायचे तर वाळवीला चिऱ्याच्या उघड्या बाजूवरून मातीची नळी बांधत यावे लागते, आणि ती नळी डोळ्यांना दिसते. झाडूच्या फटक्याने मोडता येते. वाफ्याच्या आतून येणाऱ्या वाळवीसाठी मातीत निंबोळी पेंड किंवा करंजीची पेंड मिसळतो.

खांब वाफ्याच्या आत घेण्याची पद्धत सर्वत्र दिसते, पण मला ती पटत नाही. आत घेतलेला खांब चारही बाजूंनी ओल्या मातीत राहतो, आणि माती फळीला बाहेर ढकलते तेव्हा सगळा भार स्क्रूवर येतो, ते उपटून येतात. खांब बाहेर असला तर तीच माती फळीला खांबावर दाबून धरते. म्हणून लांब फळी कोपऱ्यात पुढे काढून, तिच्या आणि आडव्या फळीच्या बाहेरच्या अंगाच्या बेचक्यात तीन बाय तीन इंचाचा खांब बसवला आहे आणि दोन्ही फळ्यांतून आरपार बोल्ट घालून, दोन्हीकडे रुंद वायसर देऊन आवळला आहे. लांब बाजूला मधोमध आणखी एक खांब आहे, आणि समोरासमोरचे हे दोन खांब मातीतून जाणाऱ्या ८ मिलिमीटरच्या आटे पाडलेल्या सळीने एकमेकांना बांधलेले आहेत. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड फार काळ राहत नाही, त्यामुळे बोल्ट आणि सळी स्टेनलेस स्टीलची घ्यावी. इथे वाचवलेले पैसे पुढे दुपटीने जातात. बोल्ट आवळण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले की चौकट काटकोनात आली. गुण्या (सुताराचे काटकोनाचे माप) छोट्या कोपऱ्यापुरता खरा असतो, आठ फुटांच्या फळीत कर्णच सांगतो. एकावर एक बसणाऱ्या दोन फळ्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट सोडावी, कारण पावसाळी हवेत फळी रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही.

आतल्या बाजूला प्लास्टिकचा कागद ठोकण्याचा सल्ला मिळतो. तो फळीला चिकटून राहिला की कागदाच्या मागे शिरलेले पाणी बाहेर पडत नाही, आणि आपण फळीचे रक्षण करायच्या ऐवजी तिला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यासारखे होते. आम्ही त्याऐवजी घर उतरवताना निघालेली मंगलोरी कौले वापरली. कौलाची लांबी सुमारे सोळा इंच, फळ्यांची उंची पंधरा. चिऱ्याच्या आतल्या कडेवर कौले उभी रांगेत लावली की त्यांच्या पन्हाळी आणि फळी यांच्यामध्ये उभ्या पोकळ्या राहतात. कौलांमधून झिरपलेले पाणी त्या पोकळ्यांतून खाली उतरते आणि अर्ध्या इंचाच्या फटीतून बाहेर जाते. फळीला ओली माती थेट लागतच नाही. कौल उतरवलेल्या कुठल्याही घरामागे असा ढीग पडलेला असतो, आणि त्याचा यापेक्षा चांगला उपयोग मला दिसत नाही.

भरण्याच्या कामाला मे महिना योग्य. तळाशी कुजत आलेली नारळाची सोडणे आणि सुका पालापाचोळा. त्यावर दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग पानांचे खत. ताजा भुसा किंवा रंध्याच्या चिपा मातीत मिसळू नयेत, त्या कुजताना मातीतला नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. जांभ्याची माती आम्लधर्मी असते, कारण एवढ्या पावसात चुना आणि पालाश धुपून जातात आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहते. त्या मातीत स्फुरद अडकून बसतो. चुलीची राख थोड्या प्रमाणात मिसळल्याने आम्लता कमी होते आणि पालाशही मिळते. स्फुरदासाठी रॉक फॉस्फेट आपल्या मातीला साजेसे आहे, कारण ते आम्लात सावकाश विरघळते. मृगाच्या पहिल्या सरींनी माती बरीच खाली बसते, म्हणून भर घालायला थोडे मिश्रण बाजूला राखून ठेवावे.

वेलांचा मांडव नेहमी वाफ्याच्या उत्तरेला घालावा. आमच्या अक्षांशावर मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा बाजूचा प्रश्न नसतो. परंतु डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारी तो दक्षिणेकडे साधारण ५० अंशांवर असतो, आणि दक्षिणेला घातलेला मांडव ऐन भाजीच्या हंगामात सगळ्या वाफ्यावर सावली धरतो. पावसाळ्यात भेंडी, पडवळ, दोडकी आणि काकडी येतात. भेंडीला केवडा रोगाचा उपद्रव आहे, त्यामुळे ‘परभणी क्रांती’ किंवा ‘अर्का अनामिका’ यांसारखे वाण घेतलेले बरे. माठ-पालकासारख्या कोवळ्या पालेभाज्या आषाढ-श्रावणाच्या झडीत लावू नयेत, पाने चिखलाने माखून कुजतात. मातीच्या उघड्या भागावर सुक्या गवताचे आच्छादन मात्र बाराही महिने हवे, पावसाळ्यात सरींचा मारा झेलण्यासाठी आणि उन्हाळ्यात ओल धरण्यासाठी.

या वाफ्यांचे खरे मोल पाऊस सरताना कळते. खालची जमीन अजून चिखलाची असते, पाय बुडतो, वाफसा यायला नवरात्र उजाडते. वाफ्यात मात्र पावसाने चार दिवस उघडीप दिली की माती हातात भुरभुरीत सुटते. त्यामुळे मुळा, लाल माठ, मिरची आणि वांगी इतरांच्या वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतर घेतलेल्या, भाजीच्या आधी लागतात आणि दिवाळीला घरची भाजी पानात असते.

देखभाल थोडी आहे, पण ती चुकवू नये. शिमगा झाल्यावर, लाकूड पूर्ण सुके असताना, बाहेरून तेलाचा एक हात द्यावा, बोल्ट पुन्हा आवळावेत आणि फळीच्या खालच्या कडेला चाकूचे टोक टोचून पाहावे. टोक सहज रुतले तर ती फळी गेली असे समजावे. तेवढ्या भागातली माती हाताने मागे ओढून, बोल्ट सोडून, एकच फळी बदलता येते. बाकीचा वाफा आणि त्यातली वांगी जागच्या जागी राहतात.